गाठीच्या आधीची वर्षे

दौंड जंक्शनावरून सोलापूरच्या दिशेने निघालेली गाडी कुर्डुवाडीस पोचते, आणि तेथून लातूरकडे जाणारा फाटा धरला म्हणजे थोड्याच वेळात बार्शी लागते. सोलापूर आणि धाराशिव या जिल्ह्यांच्या सीमेवरील या कोरडवाहू मुलखात कर्करोगाचे एक रुग्णालय उभे आहे आणि त्यास अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे नाव दिलेले आहे. नर्गिस यांचे ३ मे १९८१ रोजी मुंबईत निधन झाले ते स्वादुपिंडाच्या कर्करोगाने. तत्पूर्वी न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत त्यांच्यावर दीर्घकाळ उपचार झाले होते. पुढे १९८७ साली याच रुग्णालयाच्या आश्रयाने आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साह्याने बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ खेड्यांसाठी कर्करोगाचे एक दप्तर उघडण्यात आले. ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली भारतातील ही पहिली कर्करोग-नोंदणी होय. ज्या रोगाने त्या अभिनेत्रीस नेले तो या दप्तरात क्वचितच आढळतो, कारण पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे त्याचे प्रमाण पुष्कळच कमी आहे. परंतु जेथे आढळतो तेथे तो इतक्या त्वरेने माणूस नेतो, की प्रमाण कमी असल्याचे समाधान त्या घरापुरते तरी निरर्थक ठरते.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचा हाच आजार फेब्रुवारी २०१८ मध्ये उघडकीस आला आणि १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, पणजीत त्यांचे निधन झाले. मुंबई, अमेरिका, दिल्ली येथील उत्तमोत्तम वैद्यकीय साह्य हाताशी असतानाही अवघ्या तेरा महिन्यांत हा प्रवास संपला. शिरूर किंवा दौंड तालुक्यातील कुटुंबाच्या तोंडी हीच हकीकत अधिक थोडक्या शब्दांत येते: धडधाकट होता, काविळीचे निमित्त झाले, ‘टाटा’ला नेला, तेथे पोटात गाठ निघाली आणि दिवाळी काही पाहिली नाही. रोग अचानक आला, अशीच सर्वांची खात्री असते, आणि ज्याने ते दुःख भोगले त्यास ती खात्री चुकीची आहे असे कोणी सांगूही नये. परंतु गेल्या सुमारे वीस वर्षांतील संशोधनाकडे जो बारकाईने पाहील त्यास असे दिसून येईल, की या रोगाइतका संथ चालीचा रोग विरळा. अचानक येते ती त्याची वार्ता. गाठ दिसू लागण्यापूर्वी जी दीर्घ वर्षे निघून जातात, त्या वर्षांत शरीराच्या आत काय घडते, याचा शोध हाच आजच्या स्वादुपिंड-संशोधनाचा गाभा आहे, आणि त्या शोधात मराठी नावाच्या एका संशोधिकेचा आणि पुण्याच्या परिसरातील कामाचाही वाटा आहे, म्हणून तो येथे काहीशा विस्ताराने सांगावयाचा आहे.

प्रथम हे इंद्रिय कोठे आहे ते पाहू. जठराच्या पाठीमागे आणि कण्याच्या पुढे, पोटाच्या अगदी खोल भागात, स्वादुपिंड आडवे पडलेले असते. त्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, वजन १०० ग्रॅमच्या आतबाहेर. उजवीकडील शीर्ष आद्यांत्राच्या वळणात बसलेले आणि डावीकडील पुच्छ प्लीहेपर्यंत पोचलेले. अन्नातील स्निग्ध, पिष्टमय आणि प्रथिनयुक्त घटकांचे पचन करणारा रस निर्माण करून तो नलिकांवाटे आतड्यात सोडणे हे त्याचे पहिले काम; आणि १८६९ साली बर्लिनच्या पॉल लांगरहान्स या तरुण विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात ज्यांचे वर्णन प्रथम केले त्या बेटांसारख्या पेशीपुंजांतून इन्शुलिन रक्तात सोडणे हे दुसरे. कर्करोगाचे जे प्रकार येथे होतात त्यांपैकी दहातले नऊ नलिकांच्या अस्तरासारख्या पेशींचे असतात. पित्तनलिका शीर्षातून जाते, त्यामुळे तेथील गाठ पित्ताची वाट अडवते आणि काविळीच्या रूपाने आपला दाखला देते. मधल्या देहातील वा पुच्छातील गाठीस असा काही दाखला देण्याचे कारण पडत नाही, आणि ती जेव्हा मागील मज्जातंतूंपर्यंत पोचते तेव्हाच रुग्ण पाठ दुखते म्हणून तक्रार करू लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे कावीळ म्हटली की मुळी देणारा, कावीळ उतरवणारा असा कोणी ना कोणी पंचक्रोशीत असतोच, आणि विषाणूमुळे झालेली साधी कावीळ पुष्कळदा आपोआप बरी होत असल्याने त्याच्या हाताला यशही येते. परंतु पन्नाशी उलटलेल्या माणसाला, ताप नसताना, पोटात न दुखता, अंगास खाज सुटून आणि मळाचा रंग पांढुरका होऊन जी कावीळ होते ती या जातीची नव्हे. तिच्यासाठी मुळीच्या भरवशावर घालविलेला एकेक आठवडा शस्त्रक्रियेच्या संधीतून वजा होत असतो. ती संधी आधीच अरुंद आहे. स्वादुपिंडास लगटून आतड्यांच्या मुख्य रक्तवाहिन्या जातात, त्यांना गाठीने वेढले की शल्यविशारदाचा हात थांबतो. निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया करण्याजोगे रुग्ण शंभरात पंधरा-वीसच निघतात. १९३५ साली अमेरिकेत ॲलन व्हिपल यांनी रूढ केलेली ही शस्त्रक्रिया एके काळी प्राणघातक म्हणून गणली जाई. आज परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. शैलेश श्रीखंडे आणि त्यांचे सहकारी ती नित्य करीत आले आहेत. तथापि सर्व जगाचा हिशेब काढला तर चित्र विदारकच आहे: २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे ५ लाख १० हजार नवे रुग्ण आढळले आणि त्याच वर्षी त्याने सुमारे ४ लाख ६७ हजार मृत्यू ओढवले. नव्या रुग्णांची आणि मृत्यूंची संख्या इतकी निकट येणे याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

आता काळाच्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असा एक उपक्रम चालतो, की या रोगाने मृत्यू पावणारे काही रुग्ण हयातीतच संमती देऊन ठेवतात आणि मृत्यूनंतर काही तासांच्या आत त्यांच्या मूळ गाठीतील, यकृतातील आणि फुफ्फुसातील नमुने संशोधनासाठी घेतले जातात. अशा सात रुग्णांच्या नमुन्यांतील जनुकीय बदलांची तुलना करून शिनिची याचिदा, क्रिस्टीन याकोब्यूझिओ-डोनाह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक वंशावळ मांडली. कोणता बदल सर्व ठिकाणी आहे आणि कोणता केवळ एका ठिकाणी, यावरून आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते हे ठरविता येते. आणि पेशी किती दिवसांनी दुभंगतात याचा मेळ घातला म्हणजे वर्षांचाही अंदाज येतो. त्यांचा निष्कर्ष असा, की पहिला घातक बदल घडल्यापासून खऱ्या कर्करोगाची पहिली पेशी जन्मास येईपर्यंत निदान दहा वर्षे जातात. त्या पेशीच्या वंशजांना अन्यत्र पसरण्याची शक्ती प्राप्त होण्यास आणखी निदान पाच वर्षे लागतात. आणि त्यानंतर रुग्ण सरासरी दोन वर्षांत मृत्यू पावतो. आपण ज्यास रोग म्हणतो तो या कालपटाचा अखेरचा तुकडा होय.

पहिला बदल बहुधा ‘के-रास’ नावाच्या जनुकात होतो. पेशीने केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे याचा हुकूम पोचविणारे हे जनुक. ते बिघडले म्हणजे वाढीचा हुकूम सतत सुटत राहतो, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक गाठींत हा बिघाड सापडतो. त्यामागून ‘पी-१६’, ‘पी-५३’ आणि ‘स्मॅड-४’ ही वाढीस आवर घालणारी जनुके एकामागून एक निकामी होतात, अशी क्रमवार मांडणी पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. तिला २०१६ साली टोरोंटोच्या फैयाझ नोटा यांच्या गटाने आव्हान दिले: शंभराहून अधिक गाठींचे अध्ययन केले असता अनेकांत गुणसूत्रांची एका फटक्यात मोडतोड होऊन पुन्हा वेडीवाकडी जुळणी झाल्याच्या खुणा दिसल्या, म्हणजे काही गाठी पायरी-पायरीने न चढता एकाच उडीत बऱ्याच पुढे गेल्या असाव्यात. हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि माझ्या मते दोन्ही पक्षांत तथ्य आहे. कारण उडी घेणाऱ्या पेशीलाही उडीपूर्वी दीर्घकाळ कोठेतरी उभे राहावेच लागते. ती कोठे उभी असते, हे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने विलक्षण रीतीने दाखविले. वरकरणी निरोगी दिसणाऱ्या स्वादुपिंडांच्या नमुन्यांचे पातळ छेद घेऊन संगणकावर त्यांची त्रिमितीय पुनर्रचना केली असता, दर घन सेंटिमीटरला सरासरी १३ सूक्ष्म पूर्वविकृती आढळल्या, आणि त्यांतील अनेकांत ‘के-रास’चा बिघाड स्वतंत्रपणे झालेला होता. म्हणजे उतारवयातील पुष्कळ माणसे या रोगाचा आरंभ पोटात घेऊन हिंडत असतात आणि त्यांपैकी अगदी थोड्यांना तो रोग होतो. मग उरलेल्यांना तो का होत नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका जुन्या दृष्टांताकडे यावे लागते. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून असे प्रतिपादन केले, की कर्करोगाचे बी सर्व दिशांना उडत असले तरी ते अनुकूल जमिनीतच रुजते. घोड आणि भीमा यांच्या काठी शेती करणाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. तेच बियाणे कवठ्याच्या काळ्या रानात आणि पाबळच्या मुरमाड माळावर सारखे उगवत नाही, हे त्यास लहानपणापासून ठाऊक असते. वैद्यकाने मात्र पुढील जवळजवळ शंभर वर्षे बियाणेच तपासले. जमिनीकडे, म्हणजे कर्कपेशीच्या भोवतालच्या ऊतकांकडे, फारसे लक्ष दिले नाही. स्वादुपिंडाच्या बाबतीत तर ही उपेक्षा अधिकच नवलाची, कारण येथील गाठीचा बहुतांश भाग कर्कपेशींचा नसतोच: दाट, चिवट, तंतुमय अशा आधार-ऊतकात कर्कपेशींचे विरळ पुंजके विखुरलेले असतात.

हे तंतू कोण निर्माण करतो, याचा उलगडा १९९८ साली झाला. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधन-गटात काम करणाऱ्या डॉ. मिनोती आपटे यांनी उंदराच्या स्वादुपिंडातून ताऱ्याच्या आकाराच्या, आपल्या पोटात जीवनसत्त्व ‘अ’चे थेंब साठविणाऱ्या पेशी वेगळ्या काढल्या आणि प्रयोगशाळेत वाढवून दाखविल्या, त्याच वर्षी जर्मनीतील उल्म येथील माक्स बाखेम यांच्या गटानेही हेच कार्य स्वतंत्रपणे सिद्धीस नेले. निरोगी स्वादुपिंडात या तारकाकृती पेशी शांत असतात आणि ऊतकाची जडणघडण राखण्याचे काम पाहतात. परंतु मद्याच्या विषारी अंशाने, दाहाने किंवा कर्कपेशींनी सोडलेल्या रसायनांनी त्या चेतविल्या गेल्या म्हणजे त्यांतील जीवनसत्त्वाचे थेंब नाहीसे होतात, त्यांचे रूप पालटते आणि त्या तंतूंचे अमर्याद उत्पादन करू लागतात. आपटे यांच्या गटाने यानंतरची वर्षे या एकाच पेशीच्या मागे घालविली, आणि त्यातून जे निष्पन्न झाले ते वैद्यकाच्या इतिहासात नोंदले जाईल असे आहे. उंदरांच्या शरीरात मानवी कर्कपेशी एकट्या सोडल्या तर गाठ लहान राहते; तारकाकृती पेशींच्या सोबतीने सोडल्या तर ती मोठी होते आणि दूरवर पसरते.

परंतु सर्वांत आश्चर्यकारक प्रयोग २०१० सालचा. मादी उंदरांच्या स्वादुपिंडात स्त्रीच्या कर्कपेशी आणि त्यांच्यासोबत पुरुषाच्या तारकाकृती पेशी एकत्र सोडण्यात आल्या. पुरुषाच्या पेशीत जे ‘वाय’ गुणसूत्र असते ते ना मादी उंदरात असणार ना स्त्रीच्या कर्कपेशीत. तेव्हा ते जेथे सापडेल तेथे मूळ गाठीतील तारकाकृती पेशी गेली असली पाहिजे, यात शंकेस जागा नाही. काही आठवड्यांनी दूरच्या इंद्रियांत उगवलेल्या गाठी तपासल्या, तेव्हा त्यांत ते गुणसूत्र आढळले. म्हणजे कर्कपेशी नव्या मुलखात जाताना आपल्या जमिनीचे एक ढेकूळ बरोबर नेते, तेथे ते टाकते आणि मग त्यात रुजते. पॅजेट यांनी बी आणि जमीन यांना एकमेकांची वाट पाहणाऱ्या दोन भिन्न गोष्टी मानले होते. त्या दोहोंचा एकत्र प्रवास होत असेल ही कल्पना त्यांनाही सुचली नव्हती. आपटे यांना पुढे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सन्मान-पदकाने गौरविण्यात आले. एका मराठी आडनावाच्या स्त्रीने आपल्या आयुष्याची इतकी वर्षे एका उपेक्षित पेशीस द्यावी आणि महाराष्ट्रात तिचे नाव शाळेतील मुलांना माहीत नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यापुढील प्रकरण विज्ञानाच्या प्रामाणिकपणाची साक्ष देणारे आहे. तंतुमय जमीन जर कर्कपेशींना पोसते आणि औषधांनाही आत शिरू देत नाही, तर ती जमीनच नाहीशी करावी, असा विचार साहजिकच पुढे आला. २००९ साली केंब्रिज येथील डेव्हिड ट्यूव्हसन यांच्या गटाने उंदरांत आधार-ऊतक विरळ करणारे औषध दिले, तेव्हा गाठीत रक्तपुरवठा वाढला, केमोथेरपीचे औषध आत पोचले आणि उंदीर अधिक काळ जगले. आशा उंचावली, रुग्णांवर चाचणी सुरू झाली, आणि २०१२ साली ती थांबवावी लागली, कारण नवे औषध घेणाऱ्यांपेक्षा न घेणारे रुग्ण अधिक बरे राहिले. २०१४ साली अमेरिकेतील रघु कल्लुरी आणि बेन स्टँगर यांच्या दोन भिन्न गटांनी त्याचे कारण दाखविले: उंदरांतील आधार-ऊतक दीर्घकाळ काढून घेतले असता गाठ अधिक उग्र झाली आणि प्राणी लवकर मेले. जी जमीन बी पोसते तीच त्याला काही अंशी आवरूनही धरते. तेव्हापासून संशोधकांचा रोख पालटला आहे. जमीन उखडण्याऐवजी तिचा पूर्वीचा स्वभाव परत आणावा, चेतलेल्या तारकाकृती पेशीस पुन्हा शांत करावे, अशा दिशेने प्रयत्न चालले आहेत. आणि त्या पेशीने गमावलेले जीवनसत्त्व ‘अ’ तिला एका औषधी रूपात परत देऊन पाहण्याची पहिल्या टप्प्याची चाचणी लंडनच्या बार्ट्स संस्थेत हेमंत कोचर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केली.

जमीन चेतविणारा सर्वांत मोठा घटक म्हणजे दाह. माद्रिद येथील प्रयोगशाळेने २००७ साली दाखविले, की प्रौढ उंदराच्या रस निर्माण करणाऱ्या पेशींत ‘के-रास’ बिघडविले तरी केवळ तेवढ्याने कर्करोग होत नाही. त्यासोबत स्वादुपिंडाचा जीर्ण दाह निर्माण केला तरच होतो. या प्रयोगाचा आपल्या देशाशी फार निकटचा संबंध आहे. उष्ण प्रदेशांत एक असा विकार आढळतो, की ज्यात मद्याला स्पर्शही न केलेल्या तरुण, बहुधा कृश माणसांच्या स्वादुपिंडात खडे होतात, पोटात वारंवार कळा येतात आणि पुढे मधुमेह जडतो. केरळात डॉ. गीवर्गीस यांनी याचे शेकडो रुग्ण नोंदविले, पुण्यात के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या सुमारास या खड्यांच्या मधुमेहाचा बारकाईने अभ्यास केला. आणि १९९४ साली सुरेश चारी, चेन्नईचे व्ही. मोहन व त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले, की या रुग्णांना स्वादुपिंडाचा कर्करोग होण्याचा धोका सर्वसामान्यांच्या तुलनेत कित्येक पटींनी अधिक असतो. उंदरावरील प्रयोगाने जे माद्रिदला सिद्ध झाले ते आपल्या गोरगरीब रुग्णांच्या देहात त्याआधीच लिहिलेले होते. धूम्रपानानेही हा धोका सुमारे दुप्पट होतो, हे बिडीच्या संदर्भात येथे नमूद करणे अवश्य आहे.

प्रसाराविषयी आणखी थोडे. गाठ तयार झाल्यावर तिच्यातून पेशी सुटतात, असा समज सर्वत्र रूढ होता. २०१२ साली स्टँगर यांच्या प्रयोगशाळेत अँड्र्यू रिम यांनी उंदराच्या स्वादुपिंड-पेशींना चमकणारी खूण करून त्यांचा माग काढला, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग दिसण्यापूर्वीच त्या खुणेच्या पेशी रक्तात आणि यकृतात पोचलेल्या आढळल्या. दाह वाढविला की त्यांची संख्या वाढे आणि दाहशामक औषधाने घटे. यकृतच प्रथम का, याचे एक कारण साधे आहे: स्वादुपिंडातील रक्त प्रतिहारी शिरेवाटे थेट यकृतात जाते. दुसरे कारण २०१५ साली डेव्हिड लायडन यांच्या गटाने पुढे आणले. कर्कपेशी अतिसूक्ष्म पुटिका रक्तात सोडतात, त्या यकृतातील पेशींपर्यंत जाऊन तेथे तंतुनिर्मिती सुरू करवितात, आणि मागाहून येणाऱ्या पेशींसाठी जागा आधीच सिद्ध झालेली असते. शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही वर्ष-दीड वर्षात यकृतात रोग का उगवतो, याचा यावरून बोध होतो, आणि शस्त्रक्रियेसोबत केमोथेरपीचा आग्रह डॉक्टर का धरतात याचाही.

मग या दीर्घ, मुक्या वर्षांत रोगाची चाहूल लागण्याचा काहीच मार्ग नाही काय? सर्वसामान्य लोकांची सरसकट तपासणी करण्याजोगी कोणतीही चाचणी आज उपलब्ध नाही. रोग दुर्मिळ असल्याने अशा तपासणीत खोटी भीती घातलेले लोकच अधिक निघतील. परंतु एक फट सापडली आहे आणि ती मधुमेहाची. वर ज्यांचा उल्लेख आला त्याच सुरेश चारी यांनी पुढे अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एका परगण्यातील संपूर्ण लोकसंख्येच्या वैद्यकीय नोंदी पाहून २००५ साली दाखविले, की पन्नाशीनंतर प्रथमच मधुमेह झालेल्यांपैकी सुमारे एक टक्का लोकांत तीन वर्षांच्या आत स्वादुपिंडाचा कर्करोग आढळतो. नंतरच्या अभ्यासांनी दाखविले, की निदानापूर्वी अडीच ते तीन वर्षे रक्तातील साखर चढू लागलेली असते, आणि ती चढत असताना वजन घटत असते, जे साधारण मधुमेहाच्या आरंभी सहसा घडत नाही. येथे मधुमेह हे गाठीचेच कृत्य असते, याचा पुरावाही त्यांच्या गटाने दिला: नव्याने मधुमेह झालेल्या ३० रुग्णांची गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर त्यांपैकी १७ जणांचा मधुमेह नाहीसा झाला, स्वादुपिंडाचा भाग कापला गेला असूनही, ज्यांचा मधुमेह जुना होता त्यांचा तसाच राहिला.

शिरूर-दौंडच्या वाचकाने यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण शंभरातील नव्व्याण्णव जणांचा नवा मधुमेह हा केवळ मधुमेहच असतो. परंतु संशोधनाच्या दृष्टीने या फटीचे मोल मोठे आहे, आणि ती नीट पाहण्यास लागणारे साधन शिरूर तालुक्यातच निर्माण झालेले आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांस परिचित असलेल्या वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले. गावातील स्त्रियांनाच शिकवून आरोग्यसेविका बनविण्याचा त्यांचा आग्रह त्या काळी अव्यवहार्य वाटणारा होता. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. २००२ पासून तेथे शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांची घरोघरची नोंद ठेवली जाते: कोण जन्मले, कोण वारले, कोण गाव सोडून गेले, कोण नव्याने राहावयास आले. दुसरीकडे याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची मुले यांचा जो दीर्घ पाठपुरावा केला, त्यातून असे दिसून आले, की आपले मूल जन्मतः वजनाने कमी असूनही युरोपीय मुलाच्या तुलनेत अंगी चरबी राखून असते, आणि पुढील मधुमेहाची मुळे तेथवर पोचतात.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे एक प्रश्न उभा राहतो, ज्याचे उत्तर अमेरिकेतून येणार नाही. नव्या मधुमेहींतून धोक्याचे रुग्ण निवडण्यासाठी तेथे पन्नाशीपुढील १०,००० जणांची पाहणी योजिली गेली आहे. वय, साखरेची चढ आणि वजनाची घट या तीन मापांवर तिची भिस्त आहे. परंतु आपल्याकडे मधुमेह युरोपीयांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी येतो, तो तुलनेने कृश माणसालाही होतो, आणि ऊसतोडीच्या हंगामात तर निरोगी माणसाचे वजनही चार-दोन किलोंनी खाली येते. त्यामुळे तिकडील मापे शिरूरला जशीच्या तशी लावली तर धोक्याचा माणूस सुटेल आणि निर्धोक माणूस नाहक तपासण्यांच्या खर्चात लोटला जाईल. आपली मापे आपल्याच गावांतून, वढूसारख्या ठिकाणची घरोघरची नोंद आणि बार्शीसारखे कर्करोगाचे दप्तर यांचा मेळ घालूनच काढावी लागतील. शिक्रापूर, रांजणगाव, पाटस, यवत अशा मोठ्या गावांतील दवाखान्यांत पन्नाशीच्या पुढे ज्याला प्रथमच साखर निघाली त्याच्या केसपेपरावर साखरेच्या आकड्याशेजारी त्याचे आजचे वजन आणि ठाऊक असल्यास गेल्या वर्षीचे वजन लिहून ठेवणे, आणि तीन महिन्यांनी ते पुन्हा मोजणे, एवढ्यावर या कामाचा आरंभ होऊ शकतो. त्यास वजनकाटा पुरेसा आहे.